दहा दिवसांची सेवा कोणासाठी? मंडळीच्या पंचमंडळाला खुले पत्र

आदरणीय पाळकसाहेब, पंचमंडळातील वडीलजन आणि मंडळीतील माझ्या बंधुभगिनींनो,

सप्रेम सलाम.

आफ्रिकेतल्या मलावी देशात नर्स आणि फिटर असं जोडपं सेवेला पाठवण्याची आपली योजना बंद करायची आणि त्याऐवजी दरवर्षी तरुण संघातल्या वीस जणांना दहा दिवसांसाठी तिकडे न्यायचं, असा ठराव पंचमंडळाने, म्हणजे आपल्या चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीने, केला आहे. रविवारी उपासना संपल्यावर सूचनांमध्ये तो वाचून दाखवला गेला, लोकांनी टाळ्याही वाजवल्या. मी पंचमंडळाला लेखी पत्र दिलं, भेटीची वेळ मागितली. ठराव झालेला आहे, आता चर्चा नको, असं तोंडी उत्तर मिळालं. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. आपल्या मंडळीबाहेरच्यांनीही ते वाचावं अशी माझी इच्छा आहे. पुण्या-मुंबईच्या मंडळ्यांत, कॉलेजांत, सेवाभावी संस्थांतही हल्ली अशा सहली निघतात, आणि ज्यांच्या दारात त्या जाऊन उभ्या राहतात त्या माणसांना कोणी काही विचारत नाही.

बहुतेकांना ठाऊक आहे, तरी सांगते. मी मिरजेत नर्सिंग शिकले आणि सगळी नोकरी प्रसूती विभागात केली. माझे पती शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मेंटेनन्स फिटर होते. निवृत्तीनंतर आम्ही दोघं दक्षिण मलावीत, मुलांजे डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात काही वर्षं राहिलो. पगार नव्हता. जेवणखाण आमच्या साठवलेल्या पैशांतून, विमानाचं तिकीट आणि सुट्या भागांचा खर्च इथल्या मंडळीकडून, राहायला दोन खोल्या तिथल्या मंडळीच्या. ह्यांच्या गुडघ्यांमुळे आता आम्हाला तिथे राहणं जमत नाही. आमच्या जागी जायला आपल्यातलंच एक तरुण जोडपं तयार होतं. ती नर्सिंगची जीएनएम पदविका घेतलेली, तो गोकुळ शिरगावच्या कारखान्यात फिटर. त्यांनी पासपोर्ट काढले होते. संध्याकाळी आमच्या घरी बसून दोघं तिथली चिचेवा भाषा शिकत होते, तिने तर वहीत शंभर-दीडशे वाक्यं उतरवून पाठ केली होती. आपलं जाणं रद्द झालं हे त्यांना बाकावर बसून, बाकीच्यांबरोबर कळलं. त्या दोघांना आधी घरी बोलावून सांगायला काय हरकत होती, हे मला अजून समजलेलं नाही.

बंद काय झालं, ते आधी सांगायला हवं. ते सांगितल्याशिवाय माझ्या तक्रारी एका म्हाताऱ्या बाईच्या रुसव्यासारख्या वाटतील.

मलावीच्या खेड्यांत पाण्याचा मोठा आधार म्हणजे बोअरवरचा हातपंप. आपल्याकडे इंडिया मार्क टू, तसा तिकडे आफ्रीदेव. त्याची रचनाच अशी केली आहे की गावातल्या माणसाने तो स्वतः दुरुस्त करावा. एक पाना पुरतो. आतल्या सळ्या एकमेकींत आकड्यांनी अडकवलेल्या असतात. त्या हाताने वर ओढायच्या, पिस्टनचं रबरी सील बदलायचं, खालचा व्हॉल्व्ह पाहायचा आणि पुन्हा सोडायच्या. मार्क टूसारखे पाइप उपसून काढावे लागत नाहीत. तरीही सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत कधीही पाहिलंत तर साधारण तीन-चार हातपंपांमधला एक बंद सापडतो. बिघाड बरेचदा अगदी किरकोळ असतो. सील झिजलेलं असतं. नवीन कुठे मिळतं हे ठाऊक नसतं, गावाची वर्गणी संपलेली असते, आणि ज्यांनी पंप बसवला ते पाटी लावून, फोटो काढून केव्हाच निघून गेलेले असतात.

माझ्या पतींनी तिथे एकही नवा पंप बसवला नाही. बंद पडलेले पंप गावातल्या बायकांच्या हातून दुरुस्त करून घेतले. बायकांच्याच, कारण पाणी त्या भरतात, आणि पंप बंद पडला की डोक्यावर बादली घेऊन नदीवर त्याच जातात. शिकलेले पुरुष कामासाठी ब्लँटायर शहरात निघून जातात, बाया गावात राहतात. पंप उघडायला त्या पटकन शिकल्या. वेळ लागला तो त्याच्या भोवतीच्या गोष्टींना. वर्गणीची वही कोणी ठेवायची, सील कुठल्या दुकानात मिळतं, दुकानदाराने दर चढवला तर कोणी बोलायचं, गावच्या मुखियाच्या घरून वर्गणी आली नाही तर काय करायचं. शिवाय वर्गणी निघते ती मका हाती आल्यावर, एप्रिल-मेमध्ये. जानेवारी ते मार्च घरात पीठ नसतं, तेव्हा कोणाकडे काय मागणार? त्या गावाचं वर्ष असं चालतं. ते पुरतं पाहिल्याशिवाय पंपाची समिती टिकत नाही.

२०२२-२३ मध्ये मलावीत कॉलऱ्याची त्या देशाच्या इतिहासातली सर्वांत मोठी साथ आली. सतराशेहून जास्त माणसं गेली. त्यातच मार्च २०२३ मध्ये फ्रेडी चक्रीवादळाने दक्षिण मलावी झोडपून काढलं, डोंगराचे कडे कोसळून चिखलाचे लोट गावांवर आले. पाणी ओसरल्यावर आमच्या भागातल्या बायांनी पंप उघडले, विहिरीत क्लोरीन सोडलं, गढूळ पाणी उपसून टाकलं आणि मगच लोकांना प्यायला दिलं. बाहेरची मदत पोचायला रस्ते नव्हते. पूल वाहून गेले होते. त्या आठवड्यात ते काम आमच्याशिवाय झालं. माझे पती चिखलातून एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीवर जाऊ शकत नव्हते, आणि त्यांची गरजही लागली नाही. मंडळीने पाठवलेल्या पैशाचं चीज झालं ते मी त्या वेळी पाहिलं.

ह्या कामाशी महाराष्ट्रातल्या मंडळ्यांचं जुनं नातं आहे, हे तरुणांना बहुधा माहीत नसेल. गावोगावी दिसणारा इंडिया मार्क टू हा पंप सत्तरच्या दशकात युनिसेफ आणि भारत सरकारने मिळून तयार करवला, तो सोलापूरच्या पंपावरून. आणि सोलापूरच्या पंपाआधी जालन्याच्या मिशनच्या पाणीकामातून निघालेला पंप होता. कूपनलिकेवरचे ओतीव लोखंडाचे हातपंप सारखे मोडत होते, त्यावर ही माणसं झटत राहिली. पुढे तसे लाखो पंप जगभर गेले. पंप बसवून आठवड्यात परत जाणाऱ्यांना तो सहा महिन्यांनी का मोडला हे कधी कळलंच नसतं.

माझं काम आरोग्य केंद्रातल्या बाळंतपणाच्या खोलीत होतं. तिथल्या परिचारिका परिषदेकडे रीतसर नोंदणी करून, तिथल्या इन्चार्ज सिस्टरच्या हाताखाली. ती माझ्यापेक्षा वयाने खूप लहान, पण कामाने मोठी. औषधं नाहीत, लाइट जाते, आणि एका रात्रीत पाच-सहा बाळंतपणं, तरी तिचा हात कधी थरथरला नाही. त्यांच्याकडे ज्ञानाची कमतरता आहे असं समजून कोणी तिकडे जाऊ नये. कमतरता माणसांची आहे. २०१२ साली जगभरातल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांची देशवार आकडेवारी निघाली, तेव्हा मलावी सगळ्यात वर होता. शंभरातली अठरा बाळं वेळेआधी जन्मलेली. तिथे काचेच्या पेट्या कुठून येणार? बाळाला आईच्या उघड्या छातीशी उभं ठेवून, वरून चितेंजे म्हणजे तिथल्या बायकांचं छापील कापड घट्ट गुंडाळायचं, आणि दिवसरात्र तसंच ठेवायचं. ही पद्धत मलावीत चांगली रुजली आहे. माझं काम इतकंच की रात्री त्या आयांशेजारी बसायचं, गाठ सैल झाली की बांधायची, दूध काढून चमच्याने पाजायला शिकवायचं, आणि घाबरलेल्या पोरीला घरी पळून जाऊ द्यायचं नाही. हे काम आठवडेच्या आठवडे चालतं. सासूला पटवावं लागतं, नवऱ्याला पटवावं लागतं, आणि ते त्यांच्याच भाषेत बोलावं लागतं.

आता ठरावाबद्दल.

पहिली गोष्ट, तिथल्या मंडळीला विचारलं गेलं नाही. तिने पत्र पाठवून मागितलं होतं ते एवढंच : एक नर्स आणि एक यंत्रकाम जाणणारा माणूस, निदान दोन पावसाळे राहतील असे. वीस पाहुणे तिने मागितलेले नाहीत. वीस पाहुण्यांना राहायला जागा, उकळलेलं पाणी, स्वयंपाक, गाडी, दुभाषा हे सगळं तिथल्या मंडळीला करावं लागणार. आम्ही तिथे असताना दुसऱ्या देशातला असाच एक गट आला होता. त्यांच्यासाठी आरोग्य केंद्राची एकुलती गाडी आठवडाभर अडकून पडली, आणि महिला मंडळाच्या बायकांनी आपल्या घरच्या कोंबड्या कापल्या. नाही म्हणणं त्यांच्या रीतीत बसत नाही. पाहुण्यांना वाटलं, किती आनंदाने स्वागत केलं!

दुसरी गोष्ट पैशाची, आणि ती मला जास्त लागली आहे. हंगामाच्या सणाला महिला मंडळाने लोणची, चटण्या, गोधड्या विकून पैसे उभे केले. ते मलावीच्या पंपांचे सुटे भाग आणि नर्स ह्यांसाठी आहेत, असं विक्रीच्या टेबलावर लिहिलं होतं. विधवा बायांनी आपल्या तुटपुंज्या पैशातून त्यात भर घातली आहे. तो निधी आता सहलीकडे वळवला जातो आहे. देणाऱ्याने ज्या कामासाठी दिलं त्याच कामाला ते वापरायला हवं, आणि दुसरीकडे वळवायचं असेल तर आधी त्याला विचारायला हवं. खासगीत असंही सांगण्यात आलं की जोडप्याला पाठवण्यात कायद्याची अडचण आहे. धर्मादाय ट्रस्टने देशाबाहेर खर्च केला तर करसवलत टिकवण्यासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते, हे खरं आहे. पण तो नियम दोघांच्या तिकिटांना जितका लागू, तितकाच वीस जणांच्या तिकिटांना. अडचण असेलच तर ती दोन्हीकडे आहे.

तिसरी गोष्ट कार्यक्रमाची. मी पत्रिका वाचली. शाळेला रंग देणे. आरोग्य शिबिर. अनाथालयात दोन दिवस मुलांशी खेळ. कपडेवाटप. सहभागींसाठी राष्ट्रीय उद्यानाची सफर.

शाळेला रंग द्यायला कोल्हापुरातून पोरं कशाला न्यायची? त्या गावात रंगारी आहेत. त्यांच्याकडे काम नाही, म्हणून ते चहाच्या मळ्यात रोजंदारीला जातात. एका विमान तिकिटाच्या पैशात तिथल्या रंगाऱ्याला मजुरी देऊन शाळा रंगवता येईल, आणि तो मजुरीतून मक्याचं पीठ घेऊन घरी जाईल.

आरोग्य शिबिराचं वाचून माझ्या पोटात गोळा आला. यादीत एकही नोंदणीकृत डॉक्टर किंवा नर्स नाही. कॉमर्सची, इंजिनिअरिंगची मुलं आहेत. ती रक्तदाब मोजणार, गोळ्या वाटणार? इथे कसबा बावड्यात किंवा उचगावात कोणी परदेशी पोरांनी येऊन आपल्या नातवंडांना गोळ्या दिल्या तर आपण चालवून घेऊ का? युगांडातल्या जिंजा इथे परदेशी मंडळ्यांच्या देणग्यांवर चाललेलं एक केंद्र होतं. चालवणाऱ्या व्यक्तीकडे वैद्यकीय शिक्षण नव्हतं, कुपोषित मुलांना तिथे दाखल करून घेत. २०१० ते २०१५ ह्या काळात तिथे शंभराहून जास्त मुलं दगावली. दोन मातांनी दावा लावला आणि २०२० मध्ये चूक मान्य न करताच तडजोड झाली. त्या केंद्रामागे वाईट हेतू होता असं मी म्हणत नाही. प्रार्थना करणारी, पैसे पाठवणारी, मनापासून धडपडणारी माणसं होती. मुलं तरीही गेली.

अनाथालयाबद्दल इतकंच सांगते. जगभरात अशा संस्थांत ठेवलेल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. पाहुणे येतात, देणग्या येतात, म्हणून गरिबांची मुलं घरातून आणून तिथे भरली जातात. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही मुलांच्या हक्कांवरच्या ठरावात अनाथालयांतल्या अशा स्वयंसेवक फेऱ्यांमुळे होणारं नुकसान रोखा, असं सांगितलं. दोन दिवस लळा लावायचा आणि निघून जायचं. पुढच्या महिन्यात दुसरा गट. ज्या मुलाचं घर आधीच सुटलं आहे त्याच्याशी आपण असं वागायचं का?

आणि कपडे. मलावीच्या प्रत्येक बाजारात जुन्या कपड्यांचे ढीग असतात, त्याला तिथे काउंजिका म्हणतात, हजारो कुटुंबं त्या धंद्यावर जगतात. कोल्हापूरकरांना मी जुन्या कपड्यांबद्दल वेगळं काय सांगू? ऑगस्ट २०१९ चा महापूर आपण विसरलेलो नाही. हायवे बंद, आंबेवाडी-चिखली पाण्यात, शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं छपरापर्यंत बुडालेली. तेव्हा ट्रकच्या ट्रक आले, आणि त्यांतून फाटक्या साड्या, विटके शर्ट रस्त्याच्या कडेला ओतले गेले. पूर ओसरल्यावर ते ढीग तिथेच कुजत होते. धान्याच्या पाकिटांवर नेत्यांचे फोटो चिकटवलेले पाहून आपण किती चिडलो होतो! मदत घेणाऱ्याच्या हातात पिशवी देऊन आधी कॅमेऱ्याकडे बघायला लावणारेही आपण पाहिले. त्याच पुरात ज्यांनी गुपचूप भाकऱ्या थापून दिल्या, घरातला गाळ काढायला जे आले, गोठे धुवायला जे थांबले, त्यांची नावं गावातले लोक आजही काढतात. मदत घेताना माणसाला काय वाटतं, हे ज्या जिल्ह्याने इतक्या जवळून पाहिलं, त्याच जिल्ह्यातून आपण दुसऱ्यांच्या दारात तसेच ढीग घेऊन जाणार आहोत.

फोटोवरून आठवलं, ह्याबद्दल मला सर्वांत कडक शब्दांत लिहायचं होतं, पण शब्द सांभाळते. सहलीच्या वर्गणीसाठी जो फलक मंडळीच्या दारात लावला आहे, त्यावरची उघडी मुलगी मी ओळखते. मागे आलेल्या गटातल्या कोणीतरी काढलेला तो फोटो आहे. तिची आई पंपाच्या समितीत वही सांभाळते. मुलीला अंघोळ घालून ती टॉवेल आणायला आत गेली होती, तेवढ्यात कोणी फोटो काढला, हे तिने स्वतः मला सांगितलं, आणि तो कुठे लावू नका असंही सांगितलं. आपल्या शब्बाथ शाळेतल्या एखाद्या मुलीचा असा फोटो ब्लँटायरच्या चौकात लागला तर तिच्या आईबापांना काय वाटेल? तो फलक आजच उतरवा. ह्यासाठी ठरावाची, सभेची, कशाचीच गरज नाही.

ठरावाच्या बाजूने जे बोललं जातं तेही मी ऐकलं आहे, त्याचं उत्तर द्यायला हवं.

काही वडीलजन म्हणतात, गरीब इथेही आहेत, परदेशात कशाला जायचं? हा विचार १८५२ साली अमेरिकेतल्या मंडळ्यांनी केला असता तर? त्या वर्षी रॉयल वाइल्डर आणि त्यांच्या पत्नी एलायझा कोल्हापुरात आले. तेव्हा ह्या शहरात आगगाडी नव्हती, त्यांना ओळखणारं कोणी नव्हतं. दोघं मराठी शिकले, शाळा काढल्या, विरोध सोसला, वर्षानुवर्षं राहिले. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये इथेच, कोल्हापुरात जन्मला. पुढे अमेरिकेत १८८६ पासून हजारो विद्यार्थ्यांना परदेशी सेवेसाठी तयार करणारी जी चळवळ उभी राहिली, तिच्या मुळाशी हा कोल्हापुरात वाढलेला मुलगा होता. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत इस्पितळ उभारलं आणि पुढे तिथेच इथल्या तरुणांना डॉक्टरी, मुलींना नर्सिंग शिकवलं. त्यांच्या पत्नी मेरी यांचं नाव आपल्या शहरातल्या इस्पितळाला आहे. मी ज्या शिक्षणावर आयुष्यभर भाकरी खाल्ली ते शिक्षण असं माझ्यापर्यंत आलं. त्या काळच्या मिशनऱ्यांचं सगळंच मला पटतं असं नाही. आपल्या चालीरीतींबद्दल त्यांनी लिहिलेली काही वाक्यं वाचताना आजही मन दुखतं. पण ते राहिले, आणि जाताना इथल्या माणसांच्या हातात काम देऊन गेले. एकेकाळी आपण ज्या टोकाला होतो, त्या टोकाला आज मुलांजेचं ते गाव आहे.

आणि तिथल्या लोकांना आपण ख्रिस्त सांगायला जायचं, असं पत्रिकेत लिहिलं आहे. मलावीत बहुसंख्य लोक ख्रिस्तीच आहेत. स्कॉटलंडच्या मंडळ्यांचं काम तिथे १८७५-७६ पासून सुरू झालं, म्हणजे तिथल्या कित्येक घराण्यांत आपल्याइतक्याच पिढ्या उपासनेला जातात. रविवारी त्यांचं गायन ऐकलंत तर आपला गायनवर्ग त्यांच्याकडून शिकायला पाठवाल.

तरुणांचा उत्साह मारू नका, असं पाळकसाहेब मला म्हणाले. मला तो मारायचा नाही. ह्याच मुलांनी पुरात कमरेएवढ्या पाण्यात उतरून माणसं बाहेर काढली आहेत, मला त्यांचा अभिमान आहे. ज्याच्या हातात कसब आहे आणि जो वर्षभर राहील, त्याला जरूर पाठवा, आधी भाषा शिकवा, लशींची आणि मलेरियाच्या गोळ्यांची नीट माहिती द्या, आणि तिथल्या माणसाच्या हाताखाली ठेवा. ज्याच्यापाशी दहाच दिवस आहेत त्याच्यासाठी काम दारात पडलं आहे. दिवाळीच्या सुमाराला बीडकडून ऊसतोडीला आलेली कुटुंबं आपल्या जिल्ह्यातल्या फडांत कोप्या घालून राहतात. पहाटे तीनला आईबाप फडात जातात, पोरं थंडीत कोपीत. गरोदर बायका मोळ्या उचलतात, त्यांची तपासणी होत नाही. हंगाम मार्चपर्यंत चालतो. दर शनिवारी तिथे जाणारी, पोरांना साखरशाळेत पोचवणारी, बायांना आरोग्य केंद्रात घेऊन जाणारी दहा मुलं मला द्या, मी स्वतः त्यांच्याबरोबर येते. मराठी दोघांनाही येते, व्हिसा लागत नाही. दहा दिवसांऐवजी पाच महिने काम होईल.

माझ्या मागण्या अशा आहेत.

सहलीचा ठराव स्थगित करावा आणि तिथल्या मंडळीला पत्र लिहून त्यांना काय हवं ते विचारावं. त्यांचं उत्तर जसं येईल तसं, काहीही न गाळता, उपासनेनंतर वाचून दाखवावं.

तयार असलेल्या तरुण जोडप्याला पुढच्या पावसाळ्याआधी पाठवावं. मलावीचा पाऊस नोव्हेंबरमध्ये सुरू होतो, त्याआधी ते पोचले तर रस्ते चालू असताना पंप पाहून घेता येतील. त्यांच्या नोंदणीची, परवान्यांची कागदपत्रं तयार करायला मी आणि हे मदत करू.

महिला मंडळाने जमवलेला निधी वेगळा ठेवावा आणि आजवरचा हिशेब वार्षिक सभेत, पावत्यांसह मांडावा. कायद्याच्या मंजुरीचा प्रश्न असेल तर लेखापालाचं मत लेखी घ्यावं आणि सभेला दाखवावं.

वैद्यकीय शिक्षण आणि तिथली नोंदणी नसलेल्या कोणीही मंडळीच्या नावाने कोणावर उपचार करू नयेत. अनाथालयाच्या भेटी कार्यक्रमातून कायमच्या काढाव्यात.

कोणाही लहान मुलाचा फोटो आईबापांच्या संमतीशिवाय मंडळीच्या फलकावर, मोबाइलच्या गटात किंवा पत्रिकेत वापरू नये. दारातल्या फलकाबद्दल वर लिहिलंच आहे.

आणि परदेशातल्या कामाबद्दल इथून पुढे जे काही ठरेल ते सर्व सभासदांच्या सभेत ठरावं. त्या सभेत महिला मंडळाला आणि तरुण संघाला बोलू द्यावं, आणि फोनवरून का होईना, तिथल्या मंडळीच्या एका माणसाला.

पंचमंडळातल्या कोणाच्याही हेतूवर मला शंका नाही. तुमच्यातल्या अनेकांनी आमच्या घरची लग्नं लावली आहेत, मयती उचलल्या आहेत. म्हणूनच मला मागच्या दाराने न येता पुढून बोलायचं होतं. पंपाच्या समितीतली ती वही सांभाळणारी बाई मला फोनवर विचारते आहे की नवीन नर्स आणि फिटर कधी येणार. मी तिला अजून काही सांगितलेलं नाही. आपलं उत्तर लेखी, वार्षिक सभेच्या आधी मिळावं, म्हणजे तिला खरं काय ते कळवता येईल.

आपली नम्र,
मंडळीची एक सभासद, निवृत्त परिचारिका
कोल्हापूर